अन्नदात्यांचा हक्क कुठवर?

दिवाळीत भाचीनं माझ्या फोनवर थांबवून ठेवलेली थायी मालिका पाहिली आणि ती किंचाळलीच, "मावशी, तू बीएल बघतेस?" शेजारी तिचा मित्र चकली मोडत बसला होता. तो समलिंगी आहे आणि घरच्यांना सांगून मोकळा झालेला आहे. तो शांतपणे म्हणाला, "बघू दे गं. आमच्या नावावर कुणीतरी चार पैसे तरी कमावतंय." पुढचा तासभर फराळ बाजूला राहिला. भाचीचं म्हणणं होतं की पुरुषापुरुषांच्या प्रेमाच्या या 'बॉइज लव्ह' म्हणजे बीएल मालिकांमुळे लोकांची मनं मोकळी होतात. मित्राचं म्हणणं होतं की हा बायकांनी बायकांसाठी मांडलेला भातुकलीचा खेळ आहे आणि त्यात बाहुल्या त्याच्यासारख्यांच्या आहेत. हाच वाद मी गेल्या काही वर्षांत इतक्या ठिकाणी वाचला आहे की दोघांची पुढची वाक्यं मला आधीच पाठ होती.

मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी विहीर खणताना दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकते. कथा कितीही स्वप्नाळू, गोडगोड, बायकी म्हणावी तशी असली तरी तिला पूर्ण मोकळीक हवी आणि ती बघणारीचं लिंग तपासायचं कुणाला काही कारण नाही. पण ही मोकळीक कथेबरोबर सुरू होते आणि कथेबरोबरच संपते. पडद्यावरच्या त्या दोन पोरांनी पडदा पडल्यावरही एकमेकांचं असलं पाहिजे, हा जो हक्क आम्ही चाहत्या सांगत फिरतो, तो आम्हाला कुणी दिलेला नाही. खरा घोळ तिथं आहे, आणि वाद घालणारे नेमके तिथं फिरकत नाहीत.

आधी बायकांचं बघू. हा प्रकार बायकांनी सुरू केला हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे? १९७०च्या दशकात जपानमध्ये ताकेमिया केको, हागिओ मोतो अशा तरुण चित्रकथाकारांनी मुलींच्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा काढायला सुरुवात केली. मुलगेच का? कारण मुलीची कथा कुठे जाऊन संपणार हे ठरलेलं होतं. तिनं वाट बघायची, रडायचं आणि शेवटी लग्न करायचं. तिनं स्वतःहून कुणाची इच्छा धरली तर कथेनं तिला शिक्षा द्यायची. दोन मुलगे घेतले की हे सगळं गळून पडायचं. कोण कुणाच्या मागे जाईल, कोण आधी बोलेल, काहीच ठरलेलं नाही. पुढे हौशी लेखिकांनी आपल्या या लिखाणाला ठेवलेलं नावसुद्धा स्वतःची थट्टा करणारं होतं. यावोई, म्हणजे ना कळस, ना शेवट, ना अर्थ. थायलंडमध्ये त्याच शब्दाचं पहिलं अक्षर उरलं आणि 'सिरीज वाय' असं नाव रूढ झालं. तिथं २०१४मध्ये 'लव्ह सिक' आली, २०१६मध्ये 'सोटस', आणि २०२०च्या टाळेबंदीत '२गेदर' आली तेव्हा यूट्यूबवर फुकट, इंग्रजी सबटायटलांसकट बघता येत असल्यामुळे ती माझ्यासारख्या भाजी निवडता निवडता काहीतरी लावणाऱ्या बाईपर्यंत पोचली. फिलिपिन्समध्ये तर त्याच वर्षी 'गेमबॉइज' ही मालिका व्हिडिओ कॉलच्या चौकटीतच घडवली गेली. बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून प्रेमही खिडकीतल्या खिडकीत.

आता भाचीच्या मित्राचे मुद्दे, आणि ते लेचेपेचे नाहीत. या मालिकांतले सगळे विद्यार्थी अभियांत्रिकीचे आणि एकालाही कधी केटी लागत नाही. घरमालक खोली नाकारत नाही. एचआयव्हीची चाचणी हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. एक उंच, एक बुटका, आणि बुटक्याला सगळे 'बायको' म्हणून चिडवणार. "मला पुरुष आवडत नाहीत, मला फक्त तू आवडतोस" हे वाक्य प्रेमाची परमावधी म्हणून येतं, आणि समलिंगी माणसाच्या कानाला ते कसं लागत असेल याचा विचार मी तो बोलेपर्यंत केला नव्हता. जुन्या मालिकांत तर जबरदस्तीलाच प्रेमाची सुरुवात म्हणून खपवलेलं आहे. त्याची वकिली मी करणार नाही. ते वाईट आहे, आणि नायक-नायिकेच्या कथेत असतं तरी वाईटच असतं.

पण 'हे खरं नाही' हा आरोप मला कळत नाही. आपल्या मालिकांतल्या वाड्यात राहणाऱ्या सुनेला कधी गॅसचा नंबर लावताना पाहिलंय का? तिच्या नवऱ्याचा उद्योग नेमका कशाचा आहे हे तरी कुणाला सांगता येईल का? प्रेमकथेचा धंदाच मुळी अडचणी गाळून उरलेलं दाखवण्याचा आहे. स्त्रीपुरुषांच्या प्रेमाला ही चैन शतकानुशतकं मिळते, तेव्हा कुणी जनगणनेचा तक्ता घेऊन ताळा करत नाही. मग दोन पोरांच्या वाट्याला थोडा खोटा पाऊस आणि खोटी छत्री आली की लगेच हिशेब का मागायचा?

शिवाय या स्वप्नाच्या कारखान्यातून जे अस्सल निघालं आहे त्याकडे टीकाकार बघतच नाहीत. योशिनागा फुमी ही बाई याच हौशी लिखाणातून वर आली. तिची २००७पासून चालू असलेली चित्रकथा २०१९मध्ये टीव्ही टोकियोवर मालिका होऊन आली. तिच्यात शिरो हा चाळिशी ओलांडलेला वकील आणि केंजी हा केशकर्तनकार एकत्र राहतात. शिरो महिन्याचा खाण्याचा खर्च पंचवीस हजार येनच्या आत बसवतो, बाजारात दोन दुकानांतले भाव ताडून बघतो, घरी येऊन निगुतीनं स्वयंपाक करतो. आणि हाच हिशेबी, नीटनेटका माणूस एक दिवस भडकतो, कारण केंजीनं आपल्या गिऱ्हाइकाशी बोलताना सहज सांगितलेलं असतं की माझा जोडीदार वकील आहे. केंजीचा प्रश्न साधा असतो. दुकानाचा मालक दिवसभर बायकोमुलांबद्दल बोलतो, मग मी ज्याच्याबरोबर राहतो त्याच्याबद्दल मीच तेवढं बोलायचं नाही का? त्या क्षणी पडद्यावर ना चुंबन आहे ना पाऊस. एक जेवणाचं टेबल आहे आणि एकाला बोलायचं आहे, दुसऱ्याला लपायचं आहे. हे एका बाईनं लिहिलं आहे. तिला हे लिहायचा हक्क नाही असं म्हणणाऱ्यानं आधी तो प्रसंग बघावा.

थायी 'बॅड बडी' २०२१च्या शेवटी आली. ती वरवर अगदी साच्यातली. दोन शेजारची घरं, आईबापांचं हाडवैर, एक मुलगा अभियांत्रिकीला, दुसरा वास्तुशास्त्राला. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधाला बांध लागून असतो ना, तसंच. साच्याप्रमाणे शेवटी घरांची दिलजमाई व्हायला हवी, पण ती होत नाही. मुलं आपलं नातं घरच्यांपासून लपवून चालू ठेवतात आणि घरच्यांना ते कळलेलं असूनही कुणी तोंड उघडत नाही. सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही. ही व्यवस्था मराठी घरांना मी समजावून सांगायला हवी का? माझ्या आईच्या मावसभावाचे एक 'मित्र' चाळीस वर्षं प्रत्येक लग्नाला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत आले. पत्रिकेवर दोघांची नावं वेगवेगळी असायची, आहेराचं पाकीट मात्र एक.

तरीही मित्राचा सगळ्यांत धारदार मुद्दा उरतोच. तो म्हणाला, "बाई पुरुषांची कथा लिहिते यात काही नाही, पण तुम्ही बहुसंख्य आणि आम्ही मूठभर. तुम्ही आमचं चित्र काढलं की लोक तेच खरं धरतात." हे बरोबर आहे. आपली मराठी रंगभूमी कितीतरी वर्षं पुरुषांनी काढलेल्या बाईच्या चित्रावर चालली. बालगंधर्वांचं नेसणं बघून पुण्यामुंबईच्या बायका तशा नेसू लागल्या. बाई कशी दिसावी हे एका पुरुषाकडून शिकल्या. आज आपण त्याला वैभव म्हणतो, आणि मीही म्हणते, पण त्या वेळी बाईला स्वतः रंगमंचावर उभं राहणं किती अवघड होतं हे विसरून म्हणते. तेव्हा उपाय काय झाला? बालगंधर्वांवर बंदी घालून प्रश्न सुटला का? बायका स्वतः नाटकात आल्या तेव्हा सुटला. इथंही तेच. समलिंगी लेखकांना आणि नटांना जागा मिळवून देणं हा झगडा आहे आणि तो लढायलाच हवा. बायकांनी लिहू नये, बघू नये, ही त्याची वाट नव्हे.

कारण 'कुणी काय बघावं' याची चौकशी एकदा सुरू झाली की ती कुणाच्या हाती जाते, हे दिसलेलं आहे. चीनमध्ये २०१६मध्ये अशीच एक लोकप्रिय वेबमालिका शेवटचे भाग राहिले असताना एकाएकी काढून टाकण्यात आली. २०१८मध्ये पुरुषांमधल्या प्रेमसंबंधांच्या कादंबरीसाठी अनहुइ प्रांतातल्या एका लेखिकेला साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१मध्ये तर 'बायकी' दिसणारे पुरुषच पडद्यावर नकोत असा सरकारी फतवा निघाला. यातल्या एकाही कारवाईत समलिंगी माणसाचं भलं व्हावं हा हेतू नव्हता. आपल्याकडे १९३४मध्ये र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरासाठी खटला झाला, तोही आठवावा. गुन्हा काय, तर वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी उत्तरं छापली. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. कोर्टाला खुपलं ते वाचकाचं कुतूहल. कुणीतरी गुपचूप काहीतरी विचारतंय, हेच सहन झालं नाही. आज पुरोगामी भाषेत बायकांना "तुम्ही हे का बघता?" असं दरडावून विचारणाऱ्यांचा सूर मला तसाच वाटतो. शब्द नवे, भुवई तीच.

इथवर माझी भाची खूश होती. आता तिची पाळी. तिचं म्हणणं, या मालिकांमुळे समाज बदलतो. थायलंडमध्ये जानेवारी २०२५पासून समलिंगी लग्नं कायद्यानं होऊ लागली ना? लागली. पण त्यामागं तिथल्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची खेटे घालण्याची मेहनत आहे, आणि तो कायदा रखडला होता तेव्हा या मालिकांतल्या जोड्या विकून पैसा करणाऱ्यांवर मूग गिळून बसल्याची टीका तिथल्याच लोकांनी केली होती. तैवानचं २०१७चं न्यायालयीन यश तर २०२०च्या या लाटेच्या आधीचं. आणि मालिकांनी कायदे होत असते तर सगळ्यात आधी जपानमध्ये व्हायला हवे होते. पन्नास वर्षं हा माल तिथं पिकतो आहे. २०२४मध्ये तिथल्या काही उच्च न्यायालयांनी लग्नबंदी घटनेविरुद्ध ठरवली, तरी देशभराचा कायदा काही झाला नाही. आपल्याकडे २०१८मध्ये कलम ३७७चा काटा निघाला तो वकिलांनी आणि अर्जदारांनी काढला, आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क नाकारला तेव्हा माझ्या ओळखीच्या बीएलवाल्या बायकांपैकी किती जणींनी निकालाबद्दल चार ओळी तरी वाचल्या? मीसुद्धा मथळा वाचून पुढे गेले होते. त्या संध्याकाळी नवा भाग यायचा होता. मालिका बघणं ही करमणूक आहे. तिला चळवळीचं नाव देऊन पुण्य पदरात पाडून घेऊ नये.

आणि आता जिथं आमचं खरंच चुकतं तिथं येते. थायी चाहत्यांत 'खू जिन' असा शब्द आहे. खू म्हणजे जोडी आणि जिन म्हणजे कल्पनेतली. मालिकेतले दोन नट मालिका संपल्यावरही जोडीनंच वावरतात. जाहिरात जोडीनं, गाणं जोडीनं, देशोदेशीच्या चाहत्यांपुढे कार्यक्रम जोडीनं. व्यासपीठावर निवेदिका सांगते, आता एकमेकांना घास भरवा, आता दहा सेकंद डोळ्यांत बघा, आणि सभागृह किंचाळतं. याला फॅनसर्व्हिस म्हणतात, आणि नट ते हसतहसत करतात, कारण तेच त्यांचं काम आहे. इथंपर्यंत मी म्हणेन की तोही एक प्रयोगच. पण चाहती त्याला प्रयोग मानत नाही. ती जुन्या चित्रफिती काढून कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर किती वेळ होता हे मोजते. दोघांनी एकाच रंगाचे बूट घातले की पुरावा. एकाचं एखाद्या मुलीबरोबर छायाचित्र आलं की विश्वासघात. मग त्या मुलीला शिव्या, त्या पोराला माफी मागायची वेळ, आणि कंपनीचं पत्रक. मघाशी मित्र जो 'बाहुल्यांचा खेळ' म्हणत होता तो हाच, फक्त तो त्यानं कथेत शोधला. कथेतल्या बाहुलीला दुखत नाही. इथली बाहुली बावीस वर्षांची असते आणि तिला घरी जायचं असतं.

हे फक्त थायलंडचं नाही. जपानमध्ये २०१३मध्ये एकेबी-४८ या गटातली एक गायिका एका मुलाच्या घरातून सकाळी बाहेर पडताना दिसली म्हणून तिनं डोकं भादरून रडत कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. ब्रिटिश मालिका 'हार्टस्टॉपर'मधल्या किट कॉनरच्या मागे लोक इतके लागले की तू स्वतः कोण आहेस ते सांग, नाहीतर तू आम्हाला फसवतोयस. शेवटी २०२२मध्ये अठराव्या वर्षी त्यानं आपण उभयलैंगिक (बायसेक्शुअल) असल्याचं जाहीर केलं आणि ते आपल्याकडून वदवून घेतलं गेलं हेही ऐकवलं. बघा, त्याला छळणारे बऱ्याच अंशी समलिंगींच्या बाजूचे म्हणवणारेच होते. 'खऱ्या समलिंगी नटानंच ही भूमिका करावी' हा आग्रह आणि 'हे दोघे खरंच प्रेमात असलेच पाहिजेत' हा हट्ट, दोन्ही शेवटी नटाच्या शेजघराच्या दाराशीच येऊन थांबतात. भाची आणि तिचा मित्र एकमेकांशी भांडत होते, पण दोघांचाही हात त्याच कडीवर होता.

आपल्याला यात नवल वाटू नये. बालगंधर्व प्रेक्षकांना 'अन्नदाते मायबाप' म्हणत. १२ मार्च १९११ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आम्हाला लहानपणापासून कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली गेली आणि मी ती पुढे भाचीलाही तशीच सांगितली. त्या प्रयोगाचं तिकीट काढलेल्या माणसांनी घरी जाऊन काय विचार केला असेल, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अन्नदाता म्हटलं की अंगावर मूठभर मांस चढतं. आपण दाणे टाकले म्हणजे पाखरू आपलं, असं वाटू लागतं. फरक इतकाच की नारायणरावांनी भामिनीच राहून घरी यावं अशी मागणी तेव्हा कुणी केली नव्हती. साडी उतरली की ते राजहंस. आमच्या या पोरांना साडी उतरवायची मुभाच नाही.

"पण त्यांनी करारावर सही केलीय," भाची म्हणाली. केलीय. विशीतल्या, पहिल्यांदा काम मिळालेल्या पोरानं करारावर सही केली म्हणून त्याचं सगळं आयुष्य आपल्या खात्यावर जमा होतं का? आणि समजा त्यातला एखादा खरंच समलिंगी असेल, पडद्यावरच्या जोडीदाराला सोडून तिसऱ्याच कुणावर प्रेम करत असेल, तर? आमच्या या लाडक्या जगात सगळ्यात जास्त कोंडी त्याचीच होणार. पडद्यावर तो खुलेपणानं पुरुषाचा हात धरतो आणि घरी ज्याचा हात धरायचा त्याला लपवतो. यावर भाचीचा मित्र पहिल्यांदाच गप्प झाला. मग म्हणाला, "हे मात्र कुणी लिहीत नाही."

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. एका जोडीचे कार्यक्रम मी रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागून पाहिले आहेत, आणि त्यातला एकजण दुसऱ्याकडे बघून हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडा चुरगळतात की नाही हे मागेपुढे करून तपासलंही आहे. गेल्या वर्षी ती जोडी वेगळी झाली. भांडण नाही, काही नाही, करार संपला. त्यातला धाकटा आता एका नटीबरोबर मालिका करतो आहे. त्या मालिकेखाली रोज लोक येऊन त्याला आणि त्या नटीला काय काय बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. मालिका तशी रटाळच आहे, नायिकेला संवाद कमी आणि पाऊस जास्त. मी सातव्या भागापर्यंत आले आहे. प्रतिक्रिया दिसू नयेत म्हणून फोन आडवा धरून बघते.